बॅटरीला गाबोळी

माझी सगुणा मावशी मुलुंडच्या बाजारात मासे विकते आणि मी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका क्लासमध्ये लहान मुलांना रोबो बनवायला शिकवते. दोघींपैकी खरा धंदा कोणाचा, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मावशीचा माल दुपारपर्यंत संपतो. माझ्याकडची मुलं वर्षभर एकच लाल दिवा लुकलुकवत बसतात, आईबाप त्याचा व्हिडिओ काढून अमेरिकेतल्या काकाला पाठवतात आणि काका तिकडून अंगठा पाठवतो.

या पावसाळ्यात मावशीचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. कोयता चालायचा, कारण तो कोपरापासून चालतो, आणि मावशीची जीभ खांद्यावर कधीच अवलंबून नव्हती. अडलं ते माश्यांपाशी. डाव्या हाताने मासा धरायचा, उजव्याने कापायचा आणि मधल्या फटीत तोच उजवा वर उचलून पट्ट्यांची काठी फिरवायची, अशी मासेवालीची रीत असते. मावशीची काठी फिरेनाशी झाली आणि पावसाळी माश्यांना ही बातमी त्याच दिवशी पोचली.

मग एक जुनी गिऱ्हाईक बाई हलवा माशावर बसलेल्या माशीकडे बोट दाखवून "शी!" म्हणाली आणि शेजारच्या ओट्यावर शकुकडे गेली. शकु आणि मावशी वर्षानुवर्षं शेजारी बसतात, एकमेकींना सुट्टे देतात, एकमेकींच्या मालाला नावं ठेवतात. शकुची आपल्या सुनेसाठी मावशीची जागा एकदा मागून झाली होती, तीही अगदी सहज, पान लावता लावता. त्या दिवशी तिने परत विचारलं.

ही सगळी कथा प्रज्योतपर्यंत गेली. प्रज्योत म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून थोडा मोठा, बँकेत कामाला. नाहूरला नव्या टॉवरमध्ये राहतो. तिथे लिफ्टमधून कोणी मासे नेले तर सोसायटीच्या ग्रुपवर दुखवटा पाळतात. मावशी आपलं भांडुप गावातलं घर सोडून तिथे जायला तयार नव्हती आणि प्रज्योतला ती एकटी राहिलेली आवडत नव्हती. रविवारी तो मावशीच्या घरी आला आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू झाला.

"आई, बस झालं आता. जिला साधी माशी हाकता येत नाही तिने काय धंदा करायचा? जागा देऊन टाक शकुमावशीच्या सुनेला आणि चल माझ्याकडे."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून त्या ओट्यावर बसते. मावशीचा नवरा, आमचे काका, गेले, त्यांचे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी ती पाटी घेऊन तिथेच हजर होती. घरात रडायला जागा होती, पण भांडायला कोणी नव्हतं. त्या ओट्याशिवाय ती काय करेल, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नसतं, आणि तिला तर नाहीच.

मावशीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "गटारीपर्यंत थांब," ती म्हणाली. "गटारीच्या दिवशी ये बाजारात. माज्या मालावर एक माशी बसलेली दाखव. बसली, तर श्रावण लागतो दुसऱ्या दिवशी, मी पन उठते. नाय बसली, तर परत यो विषय माज्यासमोर काढायचा नाय."

"चालेल," प्रज्योत म्हणाला. बँकेत कर्ज नाकारताना तो याच आवाजात बोलत असणार.

मी बाजूला बसून बोंबील खात होते. तोंडात घास असला की माणूस काहीही बोलून जातो. "मावशी, मी तुला एक हात बनवून देते," मी म्हणाले.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मी एक दणकट सर्वो आणला. सर्वो म्हणजे छोटी मोटार, पण पंख्यासारखी गरगर फिरत नाही. सांगू तेवढी वळते आणि परत येते. हौशी लोक तिने खेळण्यातल्या विमानाचं शेपूट हलवतात. मी तिच्यावर वेताची काठी बसवली, काठीला पिशवीच्या पट्ट्या बांधल्या आणि बोटाएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक बोर्डला शिकवून ठेवलं की डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मरेपर्यंत. बाजारात प्लग कुठला, म्हणून लिथियमची बॅटरी घेतली. दोन सेलची, बिस्किटाच्या पुड्यासारखी चपटी. तिच्यावर ७.४ व्होल्ट छापलेलं होतं. सर्वोवर लिहिलं होतं, सहापर्यंत. दुकानदार म्हणाला, "चलता है मॅडम, सब लगाते हैं."

मी क्लासमध्ये घसा फोडून सांगते की 'चलता है' हे विजेचं माप नाही. पण त्या दिवशी मला मावशीसमोर मिरवायची घाई होती. त्यात ७.४ हा या बॅटरीचा सरासरी आकडा असतो. काठोकाठ भरलेली असली की ती ८.४ देते. मी ती हौसेने काठोकाठ भरली होती आणि सर्वोला थेट जोडली.

बाजारात बटण दाबलं. काठी मस्त डावीकडे गेली, मस्त उजवीकडे आली. मावशीच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग सर्वोला कापरं भरलं. काठी थरथरायला लागली, वेग वाढला, आणि बर्म्युडा घालून कोळंबी न्याहाळत वाकलेल्या एका काकांच्या टकलावर ओल्या पट्ट्यांचा सणसणीत फटका बसला. काका "अहो!" म्हणून सरळ झाले तेवढ्यात परतीचा बसला.

"अंगात आलंय गो!" शकु ओरडली आणि तिने खरोखर हात जोडले. "इचार, कोन हायस म्हनून!"

कोण आहे ते कळायच्या आत सर्वोमधून जळका वास आला आणि काठी हवेत तिरकी थांबली. काका कोळंबी न घेता गेले. मावशी माझ्याकडे वळली.

"यो हात हाय का जावई?" ती म्हणाली. "येतो, धिंगाणा घालतो नि झोपतो."

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव जावई पडलं.

दुसरा जावई मी शहाण्या माणसासारखा बनवला. बॅटरी आणि सर्वो यांच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारी एक पट्टी घातली आणि मीटर लावून ती बरोबर सहावर बसवली. बॅटरीच्या लाल वायरवर, अगदी मुळाशी, फ्यूज घातला. सर्वोची वीज बोर्डमधून न घेता वेगळी नेली, फक्त दोघांच्या काळ्या वायरी एकत्र केल्या, नाहीतर सर्वोला बोर्डचं म्हणणं नीट कळत नाही आणि तो उगाच चुळबुळतो. सगळं झाकणाच्या डब्यात, डबा ओट्याखाली, पाण्यापासून लांब.

मावशी हे बारकाईने बघत होती. "यो मदी बसलाय तो कोन?" तिने पट्टीकडे बोट केलं.

"तो इकडून आठ घेतो आणि तिकडे सहा देतो."

"म्हंजे दलाल."

"दलाल नाही गं. तो नसला तर सर्वो जळून जातो."

"दलाल पन तेच सांगतो."

मी आपलं तिला समजावलं की हा दलालही जरा वजनदार लागतो. पट्ट्या कशात अडकल्या की सर्वो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि किरकोळ दलाल तिथेच मान टाकतो. हे मात्र तिला लगेच पटलं, बाजारात तिने असे पाहिले होते. शेवटी एक कोकलणारा तुकडा लावला, बझर. बॅटरी खाली यायला लागली की तो किंचाळतो. लिथियमची बॅटरी पार पिळून काढली तर ती कायमची बिघडते, म्हणून तो ओरडला की बॅटरी बदलायची.

बॅटऱ्या दोन दिल्या, एक चालू आणि एक राखीव. चार्ज करायचं मावशीच्या घरी, म्हणून तिला दम भरून सांगितलं. चार्जर याच बॅटरीचा वापरायचा, मोबाइलचा नाही. बॅटरी जमिनीवर स्टीलच्या परातीत ठेवायची. ती लावून झोपायचं नाही, शेजारी गप्पा मारायला जायचं नाही. पाणी लागू द्यायचं नाही. आणि गरम होऊ द्यायची नाही.

मावशीने हे सगळं पाळलं. सगळं म्हणजे सगळं. टीव्हीवर मालिका लावून ती परातीसमोर मांडी घालून बसायची आणि मालिकेतल्या सासूपेक्षा बॅटरीवर जास्त नजर ठेवायची. मी अधूनमधून फोन करून विचारायचे, "गरम नाही ना होत?"

"नाय गो. गारेगार असते."

मला अभिमान वाटायचा. आपल्या क्लासमधली पोरं इतकं ऐकत नाहीत, असं मी तिला सांगितलं पण.

जावई बाजारात गाजला. लोक थांबून बघायचे, पोरं त्याला टाटा करायची. बर्म्युडावाले काका परत आले, पण लांबून भाव विचारायचे. शकुने सुरुवातीला नाक मुरडलं आणि मग हळूच विचारलं की याचा भाऊ मिळेल का. प्रज्योत बँकेतून येता येता डोकावून जायचा. खिशात हात घालून पापलेटावर वाकायचा, सरळ व्हायचा आणि निघून जायचा. मावशी त्याच्या पाठीकडे बघून कोयता जरा जोरात आपटायची. त्या दिवसांत ती किती खूश होती हे मी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना अजून स्वतःचा राग येतो.

गटारी उजाडली. मासेमारीची बंदी असल्याने माल बाहेरून आलेला, भाव चढलेला आणि मुलुंडला त्याची काडीइतकी पर्वा नव्हती. उद्यापासून महिनाभर वरण-भात खायचा म्हणून माणसं सूड घेतल्यासारखी खरेदी करत होती. मी क्लासला दांडी मारून मावशीच्या मदतीला उभी होते. जावई डावीकडे-उजवीकडे करत होता. सुरमई, हलवा, पापलेट, सगळं लख्ख पडलं होतं आणि एका माशीची हिंमत नव्हती.

गर्दी ऐन भरात असताना बझर किंचाळला.

"रडला जावई," मावशी म्हणाली. "थांब, दुसरी देते."

तिने डाव्या हाताने बर्फाच्या खोक्याचं झाकण उघडलं. आत बर्फावर, बांगड्यांच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली राखीव बॅटरी होती. तिने ती गिऱ्हाइकाला माल दाखवतात तशी माझ्यासमोर धरली.

"बग कशी भरलीय. चार दिस झाले, फुगत चाललीय. गाबोळी धरलीय!"

पावसाळ्यात माशाच्या पोटात अंडी असतात, ती गाबोळी. पोट टम्म असलं की मासेवालीचा जीव सुखावतो, गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं. बॅटरीचं पोटही तसंच झालं होतं. चपटा पुडा जाऊन त्याची उशी झाली होती आणि वेष्टणाची शिवण ताणली होती.

"मावशी, ही बर्फात काय करतेय?"

"तूच सांगितलंस ना, गरम होऊ द्यायची नाय? परातीत बर्फ भरते नि त्यावर पिशवीत ठेवून चार्ज करते. रोज. पाण्याचा थेंब लागू देत नाय."

लिथियमची बॅटरी गोठवत चार्ज केली तर ती आतल्या आत खराब होते, तिच्यात गॅस धरतो आणि मग ती कधी पेटेल याचा भरवसा नसतो. हे मला माहीत होतं. तिला सांगायचं सुचलं नव्हतं, कारण माझ्या क्लासमधल्या एकाही मुलाच्या घरी बर्फाची खोकी नसतात. मी वाकून डब्यातली चालू बॅटरी बघितली. तीही पोट धरून बसली होती. मी तिची वायर काढली आणि जावई थांबला.

"थांबवलास कनाला?" मावशी म्हणाली. "ही लाव." तिने राखीव बॅटरी माझ्या हातात कोंबली.

"नाही लावणार. ही गाबोळी नाही, मावशी. ही फुटली तर तुझ्या मांडीशी आग लागेल."

"प्रज्या येतच असल. तो बगून गेला का काढून फेक. तेवढा वेळ चालू दे."

"नाही."

"भाविका, माजी जागा हाय ती!"

एवढ्या वेळात पहिली माशी आली. हलव्यावर बसली आणि तिने पुढचे पाय चोळले. मावशीने ती पाहिली. तिचा चेहरा असा झाला की मी क्षणभर खरंच लावणार होते. मी बॅटरी मागे घेतली, तिने ओढली, तिचा हात माशाचा, निसरडा, आणि बॅटरी दोघींच्या हातून सुटून एका कोपऱ्यावर ओट्याच्या कडेला आपटली.

आधी काहीच झालं नाही. मग तिच्यातून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास यायला लागला. मी तिला वायरीने उचललं आणि "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत धावले. मुलुंडमध्ये आता कुठेही उभं राहा, समोर एक बिल्डिंग पाडून दुसरी चढत असते, याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा बिल्डरांचे आभार मानले. फुटपाथलगत वाळूचा ढीग होता. त्यावर ती टाकली आणि लोकांना मागे ढकललं. निम्म्यांनी मोबाइल काढले, त्यांना जास्त जोरात ढकललं. बॅटरी फुसफुसली, पांढरा धूर आला आणि एकदम जाळ उठला, माणसाच्या कमरेएवढा. जाळ बसल्यावर तिथल्या वॉचमनने फावड्याने वाळू ओढून तिच्यावर ढीग घातला. मी दुसरी बॅटरी आणून त्याच ढिगात, पण लांबच्या टोकाला पुरली.

वळून बघते तर प्रज्योत उभा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बँकेची बॅग.

"काय होतं ते?"

"जावयाची बॅटरी. मावशीने बर्फावर ठेवून चार्ज केली, म्हणून फुगली."

"आणि ही तिच्या मांडीशी होती?"

"मी सांगितलं की पेटेल. तरी म्हणाली, लाव. तू येऊन बघून जाईपर्यंत चालू दे म्हणाली."

प्रज्योत धुराकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

आम्ही ओट्यापाशी आलो. मावशी कापत होती. मान वर केली नाही. पापलेटांवर माश्या बसल्या होत्या, सुरमईवर बसल्या होत्या, काठीवर बसून दोघी-तिघी आराम करत होत्या.

"बसल्यात," मावशी खाली बघूनच म्हणाली. "मोज पायजे तर. जिंकलास." मग जरा थांबून, "शकु, तुज्या सुनेला सांग..." आणि तिचा कोयता अर्ध्यावर थांबला. शकुचाही पान लावणारा हात थांबला.

मला रडू आलं. मी केलं ते बरोबरच होतं, तरी तिची जागा माझ्या हाताने गेली होती आणि बरोबर असण्याचा मला त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता.

प्रज्योतने बॅग माझ्याकडे दिली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो आईशेजारी ओल्या पाटावर बसला. जावयाची काठी त्याने ओढून काढली आणि माश्या हाकायला लागला. भयंकर हाकत होता. एक फटका सुरमईला, एक शकुला, एक स्वतःच्या चष्म्याला. माश्या उठायच्या, त्याच्या शर्टावर बसायच्या.

"नवीन माणूस ठेवला का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"ट्रायलवर हाय," मावशी म्हणाली. आवाज अजून ओला होता, पण भाव तिने बरोबर लावला.

प्रज्योत काठी फिरवत होता. मग माश्यांकडे बघतच म्हणाला, "आई, खांदा कोणाला दाखवलास?"

"कोनाला दाखवायचाय?"

"डॉक्टरला."

"तो सांगनार घरी बस. तेवढं तर तू फुकट सांगतोस."

प्रज्योतची काठी थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं. त्याने तिला त्या खांद्यापायी ओट्यावरून उठवायला घेतलं होतं. मी त्याच खांद्यासाठी दलाल आणला, फ्यूज आणला, मीटर लावून सहा व्होल्ट मोजले. दुखतं का, एवढं विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"उद्या श्रावण लागतो, बाजार थंड असणार," प्रज्योत म्हणाला. "उद्याच जाऊ. घरी बस म्हणाला तर दुसऱ्याकडे जाऊ. तुझा हात वर करून देणारा भेटेपर्यंत फिरू."

"नि जागा?"

"कुठली जागा? तू बसलीयस ना तिच्यावर?"

मावशीने कोयता खाली ठेवला. डोळे पुसायला तिने हात नेला, सवयीने उजवाच, आणि तो छातीपाशी अडला. मग डाव्याने पुसले, माशाच्या हाताने. ते झोंबलं तेव्हा तिने प्रज्योतच्या बापाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला, एक जुनी शिवी हासडली आणि परत कोयता उचलला.

"मंग बोलत काय बसलास?" ती म्हणाली. "त्या सुरमईवर बग. हाक!"